न्युरेम्बर्गमधली जास्तीची काडतुसं

साताऱ्याला परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "मग, काय काय पाहिलंत जर्मनीत?" मी किल्ला सांगते, नदी सांगते, दुकानातले पावाचे प्रकार सांगते. जर्मन गाड्या वेळेवर येतात हा आपला समज किती खोटा आहे तेही सांगते. समोरचा हसतो, चहा पितो आणि जातो. पण माझा सगळा प्रवास फिरला तो एका वेगळ्याच प्रश्नाभोवती. रोज घराबाहेर पडताना, स्वतःच्या बचावासाठी, माणसाने जास्तीची काडतुसं किती बाळगावीत? हा प्रश्न मला माझ्या जावयाने विचारला. मी पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे मला उत्तर माहीत असणार अशी त्याची समजूत होती.

खात्यात असताना माझ्या आवाजाला माणसं घाबरत. आरोपी घाबरत, शिपाई घाबरत, माझे यजमान होते तोवर तेही थोडे घाबरून असत. जावयापुढे मात्र माझा आवाज निम्म्यावर येतो. जावयाशी अदबीने बोलायचं, त्याला टोकायचं नाही, हे मला कुणी बसवून शिकवलेलं नाही, पण ते अंगात मुरलेलं आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात याचा मोठा वाटा आहे.

न्युरेम्बर्ग

मृणाल, माझी मुलगी, तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. जावई अनिकेतराव मूळचे चिंचवडचे, एका मोठ्या कंपनीत यंत्रांचे भाग डिझाइन करतात. नात ईरा सात वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमधून येतं. मी म्हणायचं, "ईरा, पाणी आण गं," तिने "या, आजी" म्हणायचं आणि पाणी आणायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, पोरगी मला 'या' म्हणून बोलावतेय. मग मृणालने सांगितलं की ते त्यांचं 'हो'.

घर तिसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला चौक, चौकात पिवळी पडत चाललेली मोठी झाडं. रस्ते इतके रिकामे की पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, संचारबंदी लागलीय. मी खिडकीत उभी राहून गस्तीची गाडी शोधत होते. चौकापलीकडच्या बाल्कनीतून एका म्हाताऱ्या बाईंनी हात केला. त्या फ्राऊ लेहनर. दुसऱ्या दिवशी त्या प्लमचा केक घेऊन आल्या. माझा नवरात्राचा उपवास सुरू व्हायचा होता, म्हणून मी दोन तुकडे जास्तच खाल्ले.

दुपारी ईरा शाळेत असताना मी साबुदाणा भिजत घालत होते. मृणाल शेजारी उभी राहून शेंगदाणे सोलत होती.

"आई, अनिकेत पिस्तूल घेऊन फिरतो," ती म्हणाली.

माझा हात पाण्यातच राहिला. "खरं?"

"खरं नाही गं. म्हणजे दिसायला अगदी खरं. श्रेकशूस म्हणतात इथे. आत गोळी नसते, नुसता आवाज आणि डोळ्यांत चुरचुरणारा गॅस. त्याला छोटा परवाना मिळतो, क्लायनर वाफेनशाईन. अनिकेतने रीतसर काढलाय."

मग तिने जे फोनवर कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. वसंतात अनिकेतराव ईराला पोहण्याच्या क्लासवरून आणत होते. जमिनीखालच्या गाडीच्या फलाटावर तिघं दारू प्यालेले होते. आधी काहीतरी बोलले, मग ढकललं, मग खाली पाडून लाथा घातल्या. चष्मा फुटला, ओठाला टाके पडले. ईरा पोहण्याची पिशवी धरून शेजारी उभी होती. लोक लांब सरकले. कुणीतरी फोन केला, पण पोलीस येईपर्यंत ते तिघं गेले ते गेलेच.

"टाके भरले. पण त्या दिवसापासून तो त्या स्टेशनात गेलेला नाही. आधी काडतुसांचं एकच मॅगझीन होतं. मग एक जास्तीचं घेतलं. आता आणखी घ्यायचं म्हणतोय. आई, घरात मूल आहे. तू सांग ना त्याला. माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल, तू पोलीस होतीस."

मला वाटलं, एवढंच ना.

नदीकाठी

रविवारी आम्ही जुन्या गावात गेलो. टेकडीवर तांबूस दगडाचा किल्ला, खाली पेग्निट्झ नदी, पाण्यावर झुकलेली घरं. साताऱ्यात राहणाऱ्या बाईला कुणी किल्ला दाखवायला नेलं की ती आधी चढ बघते. अजिंक्यताऱ्यापुढे हा चढ काहीच नव्हता, हे मी मोठ्याने बोलून दाखवलं आणि वर पोचेपर्यंत दोनदा टेकले. उतरल्यावर ईराने करंगळीएवढ्या सॉसेजेस घातलेला पाव खाल्ला. मी नुसता वास घेतला आणि पिशवीतलं केळं सोललं.

अनिकेतरावांच्या जॅकेटचा उजवा खिसा डाव्यापेक्षा खाली लोंबत होता. असा खिसा मी आयुष्यभर ओळखत आलेय. गर्दीत कुणाचा धक्का लागला की त्यांचा हात आधी तिथे जायचा.

ईरा पुढे पळत जाऊन पानं पाण्यात सोडत होती. ते माझ्याबरोबर सावकाश चालत होते.

"आई, एक विचारू? तुम्ही ड्युटीवर जास्तीचे राउंड किती ठेवायचात?"

"खात्याने दिले तेवढे," मी म्हटलं. "ते आपण ठरवायचंच नसायचं. शस्त्रागारातून मोजून घ्यायचे, मोजून परत करायचे. सरावाला उडवले तर रिकाम्या पुंगळ्यासुद्धा परत. एक पुंगळी हरवली की अख्खी तुकडी गवतात रांगायची."

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत.

"पण पुरतील की नाही हे कसं कळायचं?"

"कशाला पुरतील?"

"आल्झो, म्हणजे असं बघा ना. ते तिघं होते. समजा पुढच्या वेळी पाच असले. पहिले काही नुसते घाबरवण्यात जाणार, एखादं अडकणार. मग मॅगझीन बदलायचं. म्हणून एक जास्तीचं खिशात, एक लॅपटॉपच्या बॅगेत, एक कारमध्ये. आम्ही पार्ट डिझाइन करताना लोड काढतो आणि वर सेफ्टी फॅक्टर धरतो. तसंच आहे हे. लॉजिकल आहे ना?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर.

"त्यांच्यातल्या एखाद्याकडे सुरी असली, आणि त्याला तुमचं खरं वाटलं तर?"

"म्हणूनच जास्तीचे हवेत."

"आणि परत त्याच स्टेशनात गाठ पडली तर?"

"तिथे न्यायला बंदी आहे. स्टेशनात आणि गाडीत चालत नाही. म्हणून मी गाडीने जातच नाही, कारने जातो."

म्हणजे जिथे मार खाल्ला तिथे हे नेता येत नव्हतं, आणि जिथे नेता येत होतं तिथे त्यांच्या वाटेला कुणी गेलेलं नव्हतं. हिशेबी, हुशार माणूस. आणि हे सगळं कशाचं, तर आवाजाचं. त्या काडतुसांत शिसं नव्हतंच. माझ्या प्रत्येक शंकेला त्यांच्याकडे आणखी एक काडतूस हे उत्तर होतं.

शिपाई असता तर मी तिथेच नदीकाठी त्याची कानउघाडणी केली असती. जावयाला मी म्हटलं, "जरा विचार करा, अनिकेतराव."

घरी आल्यावर मृणाल भडकली. "जरा विचार करा? एवढंच?"

शिकाऱ्यांचं दुकान

नवरात्रातल्या शनिवारी ते निघाले तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेले. गावाबाहेर, गाड्यांच्या शोरूमच्या रांगेत ते दुकान. आत शिकाऱ्यांच्या हिरव्या टोप्या, कुत्र्यांच्या गाद्या, लोकरी मोजे, मधाच्या बाटल्या. आणि काचेखाली पिस्तुलं. आपल्याकडे शस्त्रांच्या दुकानात गेलं की एक दबलेपण असतं, कुणी मोठ्याने बोलत नाही. इथे एक आजोबा नातवासाठी टॉर्च घेत होते.

काउंटरवरच्या बाईने अनिकेतरावांना ओळखलं. माझी ओळख करून दिल्यावर तिने त्यांच्याकडे होतं तसलंच एक पिस्तूल माझ्या हातात दिलं. मी काही म्हणायच्या आत हात आपोआप शिकवल्याप्रमाणे वागला. नळी जमिनीकडे, बोट चापाच्या बाहेर. वजन तेच, थंडपणा तोच. जन्म खात्यात घालवूनही चार पावलांवरून मला खऱ्याखोट्यातला फरक सांगता आला नसता.

त्यांनी एक मॅगझीन घेतलं आणि काडतुसांचे डबे घेतले. बाईने ते मोज्यांसारखे कागदी पिशवीत घातले.

कारमध्ये बसल्यावर मात्र मी बोलले. "अनिकेतराव, राग मानू नका. मी ड्युटीवर असते आणि तुम्ही हे माझ्यासमोर काढलं असतंत, तर मी गोळी घातली असती."

त्यांनी कार सुरू केली नाही.

"पण तुम्ही तिथे नव्हतात ना, आई," ते म्हणाले. "तिथे कुणीच नव्हतं."

मी सीटचा पट्टा लावला.

बाल्कनी

आमच्या मुख्यालयात दसऱ्याला शस्त्रपूजा असे. रायफली स्वच्छ पुसून रांगेने मांडायच्या, दारूगोळ्याच्या पेट्यांना हार घालायचे, साहेब कुंकू लावायचे, मग पेढे. त्या दिवशी पूजेतलं हत्यार सहसा उचलायचं नाही. घरीही आपण तेच करतो. सुरी, विळी, शिवणाचं यंत्र पूजेला बसतं आणि एक दिवस आराम करतं.

न्युरेम्बर्गला मी पाट मांडला बाल्कनीत, कारण घरात कापूर पेटवायची सोय नव्हती. मी यायच्या आधी, गणपतीत, आरतीच्या धुराने छतावरचा आगीचा भोंगा वाजला होता आणि सगळी बिल्डिंग खाली चौकात जमली होती. झेंडू तिथे कुंडीत मिळतो. आपट्याची पानं नव्हती म्हणून ईराने चौकातल्या झाडांची पिवळी पानं गोळा करून आणली. आपलं सोनं हिरवं असतं, तिचं खरोखर सोन्याच्या रंगाचं होतं. पाटावर भाजीची सुरी, मृणालचा लॅपटॉप, कारची किल्ली, ईराची रंगपेटी.

अनिकेतराव आंघोळ करून, कुर्ता घालून आले. मी आल्यापासून पहिल्यांदाच ते मोकळे दिसत होते. हातात पिस्तूल होतं.

"आई, हेही ठेवूया ना? शस्त्रपूजा तर याचीच."

मृणालने माझ्याकडे बघितलं. माझ्या मनात काय आलं ते स्पष्ट सांगते. मला वाटलं, पूजेत बसलं की आज ते खिशात जाणार नाही. एक दिवस गेला की मग सासू म्हणून दुसरा दिवस मागता येईल, मग तिसरा. जे अधिकाराने सांगायला जीभ रेटत नव्हती ते देवाच्या आडून होईल.

"मॅगझीन काढून ठेवा," मी म्हटलं.

त्यांनी काढलं. शेजारी जास्तीची मॅगझीन ओळीने मांडली, काडतुसांचा डबा उघडून ठेवला. मी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. पिस्तुलावर झेंडूचं फूल ठेवलं. ईराने ताम्हन धरलं, मी कापूर पेटवला, आम्ही आरती म्हटली. चौकापलीकडे फ्राऊ लेहनरांची बाल्कनी होती. आमच्या कुणाच्या, माझ्यासुद्धा, ते डोक्यात आलं नाही.

क्वार्क नावाच्या तिथल्या चक्क्याचं श्रीखंड छान होतं. आम्ही पुऱ्या खात बसलो होतो तेव्हा जिन्यात बुटांचे आवाज आले. खूप बूट. मग दारावर थाप आणि ओरडणं. त्यातला 'पोलित्साय' एवढा एकच शब्द मला कळला, आणि बाकीचं कळायची गरज नव्हती. हे बूट मी स्वतः घातलेले आहेत.

अनिकेतराव ताडकन उठले. चेहरा पांढराफटक. "ते आत घेतो," म्हणाले आणि बाल्कनीकडे वळले. मृणाल दार उघडत होती.

पाटावरच्या पिस्तुलापर्यंत त्यांचा हात पोचणार आणि त्याच क्षणी ती माणसं आत येणार, हे मला आधीच दिसलं. आणि माझा खात्यातला आवाज, जो इतके दिवस निम्म्यावर होता, तो पुरा बाहेर आला.

"अनिकेत! हात वर! जागचा हलू नकोस!"

राव नाही, तुम्ही नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच मी जावयाला अरेतुरे केलं. ते होते तिथे थिजले. हात वर गेले. आणि ती माणसं आत आली, छातीवर चिलखत, हातात खऱ्या बंदुका. त्यांनी अनिकेतरावांना पालथं जमिनीवर झोपवलं, हात मागे घेतले, पाठीवर गुडघा ठेवला. मी हात वर करून उभी होते. एक तरुण पोलीस माझ्या बोटांकडे बघून ओरडत होता. बोटं कुंकवाने लाल होती.

ईराला कुणीच काही सांगितलं नव्हतं. ती खुर्चीवरून उतरली, बापाच्या शेजारी गेली आणि तशीच पालथी झोपली. हात मागे घेऊन, गाल फरशीवर टेकवून, त्याच्याकडे तोंड करून. आयुष्यात मी खूप काही बघितलं आहे. खून बघितलेत, जळालेल्या सुना बघितल्यात. पण असं कधी बघितलं नव्हतं.

पुढचं सगळं सभ्यपणे झालं. त्यांच्यातल्या वरिष्ठ बाईंनी परवाना बघितला, ईराला उचलून मृणालजवळ दिलं, पूजा म्हणजे काय ते ऐकून घेतलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी सांगितलं की मीही पोलीस. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं त्यात राग नव्हता. तुम्ही पोलीस, मग हे असं कसं होऊ दिलंत, असं काहीसं होतं. लहान मूल असलेल्या घरात हे असं उघड्यावर ठेवलं, म्हणून परवान्याचा फेरविचार होईल, तोवर पिस्तूल जप्त. आणखी काडतुसं कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं.

अनिकेतरावांनी एकेक जागा सांगितली. चपलांचं कपाट. कारचा कप्पा. लॅपटॉपची बॅग. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे. ईराच्या पुस्तकांच्या फळीवर, वरच्या बाजूला. मृणाल भिंतीला धरून उभी होती. यातल्या निम्म्या जागा तिला माहीत नव्हत्या. फूल चिकटलेलं पिस्तूल त्यांनी पारदर्शक पिशवीत घातलं आणि जाताना 'शुभ संध्याकाळ' म्हणून गेले.

फ्राऊ लेहनर दारात येऊन रडल्या. मृणालने त्यांचं बोलणं मला सांगितलं, "त्यांना पिस्तूल दिसलं, आग दिसली आणि मूल दिसलं." मी त्यांचा हात धरला. त्यांच्या जागी मी असते तर मीही फोन केला असता.

परत निघताना

त्यानंतर अनिकेतराव घराबाहेर पडले नाहीत. ऑफिसचं काम घरून. कचरा टाकायलासुद्धा मृणाल. एकदा मी चहा दिला तेव्हा म्हणाले, "आई, तुम्ही ओरडलात म्हणून मी वाचलो. मला कळतंय."

"चहा घ्या," मी म्हटलं.

"पण ईराने परत मला तसंच खाली पडलेलं बघितलं." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सासू जावयाच्या पाठीवर हात ठेवत नाही, पण आता कसलं काय.

जाण्याच्या दिवशी त्यांनी माझी बॅग तीन जिने उतरवली. खालच्या दाराशी वाकून नमस्कार केला. "सांभाळून जा, आई." दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. काच लागल्यावर आतून हात करत राहिले.

विमानतळाची गाडी अनिकेतरावांनी मार खाल्ला त्याच स्टेशनातून जाते. मृणाल, ईरा आणि मी सरकत्या जिन्याने खाली गेलो. स्वच्छ फलाट, पिवळ्या फरशा, एक माणूस पेपर वाचतोय, दोन पोरं मोबाईलवर हसतायत. मी कडेला जाऊन गाडी बघायला लागले तशी ईराने माझा हात धरून मागे ओढलं. जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली, हळू, पण अगदी ठामपणे.

"काय म्हणते?" मी मृणालला विचारलं.

"भिंतीला पाठ लावून उभी राहा म्हणते. अनिकेतने शिकवलंय."

मी उभी राहिले. ईरा माझ्याशेजारी, तिचीही पाठ भिंतीला टेकलेली. जिन्यावरून कुणी उतरलं की ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. आधी हात बघत होती, मग खिसे. नव्या शिपायांना हे शिकवताना माझा घसा बसायचा. सात वर्षांच्या पोरीला ते पाठ होतं.

मला तिला सांगायचं होतं की बाळा, सगळी माणसं तशी नसतात, गाडी येईल, आपण बसू, काही होणार नाही. मी खाली वाकलेही. पण तेवढ्यात जिन्यावरून आणखी एक माणूस उतरला, आणि मीही त्याचे हातच बघत राहिले.